बोकड सात

माझ्या सासूबाई मरेपर्यंत गल्लीत सगळ्यांना सांगत होत्या, आमची सुनंदा केळीची रोपं करते. अठरा वर्षं ते खरंही होतं. सांगलीजवळच्या एका लॅबमध्ये मी केळीच्या कंदातला कोंब काढायची, त्याचे बारीक तुकडे करायची, बाटलीत लावायची आणि एकाचे वीस झाले की परत कापायला बसायची. आमच्या या ऊसवाल्यांच्या भागात केळी लावणारे वाढले ते आमच्यासारख्या बायकांच्या हातांवर. हे दुसरं कुणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहून टाकते. पण पुढची चार वर्षं मी काय करत होते तेही सासूबाईंना ठाऊक होतं, आणि तरी त्या केळीच म्हणत राहिल्या. कुणी फारच खोदलं तर म्हणायच्या, "तसलंच की काहीतरी, बाटलीतलं." आता जैनाच्या घरातली सून बशीत बोकडाचं मटण वाढवते, हे त्यांनी कुठल्या तोंडानं सांगावं?

लोकांना वाटतं आम्ही सोयाबीनचं काहीतरी लाटून मटण म्हणून खपवत होतो. तसं नव्हतं हो. ते खरंच मटण होतं. फक्त त्याच्याभोवती बोकड नव्हता.

कसं ते सांगते. तुमच्या, माझ्या, बोकडाच्या, सगळ्यांच्या मांसात काही पेशी झोपलेल्या असतात. जखम झाली की त्या जाग्या होतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात, तुटलेलं मांस सांधतात आणि परत झोपी जातात. आम्ही बोकडाच्या मांडीतून जोंधळ्याच्या दाण्याएवढा तुकडा काढायचो, त्यातल्या या पेशी सोडवायचो आणि प्लॅस्टिकच्या बशीत गुलाबी पाण्यात ठेवायचो. त्या पाण्यात साखर, क्षार आणि त्यांचं बाकीचं खाणं. बशा कपाटात, आणि कपाटात बोकडाच्या अंगाइतकी ऊब. पेशींना वाटतं जखम झालीय, त्या कामाला लागतात. बशी भरत आली की अर्ध्या उचलून दुसऱ्या बशीत टाकायच्या, म्हणजे परत मोकळी जागा, परत जखम. जखम भरली असं त्यांना कधी वाटूच द्यायचं नाही, ही आमच्या धंद्यातली सगळी कला. हे मला पहिल्यांदा नीट समजलं त्या दिवशी जेवताना दोन घास कमीच गेले. बोकड तिकडं माळावर चरतोय, त्याची जखम केव्हाच भरलीय, आणि ह्या बिचाऱ्या इकडं ती भरत बसल्यात.

खाणं संपत आलं की गुलाबी पाणी पिवळं पडतं. पिवळं दिसलं की बदलायचं. पाडवा असो नाहीतर घरात लग्न असो, पेशींना सुट्टी नसते. त्यांना रविवार कळत नाही, म्हणून मलाही चार वर्षं रविवार नव्हता.

मला या कामावर घेतलं निकम सरांनी. सर म्हणायचं ते शिक्षणाला, वयानं तो कराडकडचा तिशीतला पोरगा, परदेशात शिकून आलेला. त्याला शिकलेली मुलं हवी तेवढी मिळत होती, हात मिळत नव्हते. हात थरथरता कामा नये, तोंड बंद पाहिजे, कारण आमच्या कामात बोललं की बुरशी येते. केळीच्या लॅबमधल्या बाईला यातलं काही शिकवावं लागत नाही. "मावशी, यात एकही जनावर मरत नाही," तो म्हणाला. ते वाक्य मी घरी नेलं, देव्हाऱ्यापुढं ठेवावं तसं जपलं आणि भेटेल त्याला ऐकवत सुटले.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. सुरुवातीला त्या पेशींचं खाणं ज्यापासून बनायचं, ते गाईच्या पोटातल्या, न जन्मलेल्या वासराचं रक्त होतं. परदेशातून बाटल्या यायच्या. मला ते तीन महिन्यांनी कळलं, तेही एका पोरीच्या तोंडून सहज निघून गेलं म्हणून. मी निकम सरांच्या टेबलावर कोट काढून ठेवला. तो म्हणाला, मावशी, मलाही तेच बंद करायचंय, तुम्ही राहिलात तर लवकर होईल. राहिले. दीड वर्षानं आम्ही रक्ताशिवाय पेशी वाढवून दाखवल्या आणि मी पेढे वाटले. पण त्या दीड वर्षातल्या बाटल्या माझ्याच हातांनी फोडलेल्या होत्या, आणि त्याचं काय करायचं हे मला अजून उमगलेलं नाही.

बघायला नाना तऱ्हेची माणसं यायची. विट्याचे एक गलाईवाले आले होते, आयुष्य परमुलखात सोनं गाळण्यात गेलेलं, आता पैसे कुठं घालावेत बघत होते. बशी उजेडात धरून त्यांनी विचारलं, "हाड न्हाई, कातडं न्हाई, चरबी न्हाई. मग घट किती निघते?"

मी म्हटलं, "आमच्यात घट निघत नाही. वाढच निघते."

"वाढतच जातंय?"

"खायला घालाल तोवर."

त्यांनी बशी खाली ठेवली, हात रुमालाला पुसले आणि म्हणाले, "बाई, सोन्याला कुठं थांबायचं ते कळतं." पैसे काही घातले नाहीत. मी तेव्हा हसले होते.

आता मूळ गोष्टीकडं येते. पेशींनाही वय असतं. तीस-चाळीस वेळा दुप्पट झाल्या की त्या थकतात, पसरट होतात आणि थांबतात. आमचे पहिले सहा बोकड असेच थकून गेले. सातव्यासाठी आम्ही मार्गशीर्षात माण तालुक्यात गेलो, दहिवडीच्या पुढं एका माळावर. जनावरांचे डॉक्टर बरोबर होते. कळप आबांचा. आबा म्हणजे सत्तरीचे धनगर, बोलायला कमी. बायको हौसाबाई त्या दिवशी लेकीकडं गेलेली होती. ती असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

कळपातली बाकीची शेरडं-मेंढरं दुष्काळी मुलखातली असतात तशी होती, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. पण एक काळा बोकड एकटाच तुकतुकीत. शिंगांना भंडारा लावलेला, गळ्यात पिवळा दोरा. तो कुणाच्याही बांधावर तोंड घालत होता आणि कुणी त्याला काठी लावत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हाच. मीही म्हटलं, हाच.

आबा म्हणाले, "त्यो नगं. त्यो द्येवाचा हाय."

आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "अहो आबा, आम्ही कुठं कापायला आलोय? आम्ही जैन माणसं, मुंगी मारत नाही. जोंधळ्याएवढा तुकडा घेणार, तेही बधिर करून. तुमचा बोकड तुमच्यापाशीच राहील, देवाचा देवाला."

आबांनी मुंडासं सारखं केलं. "तुमी शिकल्याली मानसं. बघा मंग," म्हणाले आणि दुसरीकडं तोंड करून उभे राहिले. त्या तोंड फिरवण्याला मी होकार समजले. टाका घातला, हळद लावली, जखम चिघळली तर कळवा म्हणून माझा नंबर कागदावर लिहून दिला आणि आम्ही उजेडीच सांगलीला परत आलो.

माझ्या घरात कुणी कधी नवसाला बोकड सोडलेला नाही, त्यामुळं जे तिथल्या शेंबड्या पोराला कळतं ते मला कळलं नव्हतं. देवाला सोडलेलं जनावर अखंड लागतं. आणि दुसरं म्हणजे ते असंच कापत नाहीत. जत्रेत देवापुढं उभं करतात, भंडारा लावतात, अंगावर पाणी घालतात आणि वाट बघतात. बोकडानं अंग झाडलं, म्हणजे पाणी उडवायला झाडतात तसं शिंगापासून शेपटीपर्यंत झाडलं, की देवानं होकार दिला. मगच सुरी. नाही झाडलं तर दिवसभर ताटकळतील, पण हात लावणार नाहीत.

बोकड सातच्या पेशी थकल्या नाहीत. चाळीस वेळा दुप्पट झाल्या, साठ वेळा झाल्या, ऐंशी वेळा झाल्या. निकम सर रोज सकाळी आल्या आल्या त्याच बशा बघायचा. सगळं काम हळूहळू त्या एका बोकडावर आलं. पुढं पैसे घालणारे, मांस वाढवायची पुढच्या वर्षीची मोठी टाकी, चार पोरांच्या नोकऱ्या, सगळ्यांची भिस्त बोकड सातवर. मी त्याला नावानं हाक मारायला लागले होते. "काय सात, भूक लागली का?" एकटीच असले की तेवढं बोलायची, मास्कच्या आत.

या पेशींचं खाणं थोडं कमी केलं की त्या ओळीत लागतात, एकमेकींना चिकटतात आणि मांसाचे दोरे होतात. ते दोरे अधूनमधून आपसूक आखडतात. मायक्रोस्कोपखाली इथं एक झटकन हलतो, तिथं एक. नवीन पोरं ते पहिल्यांदा बघतात तेव्हा खुर्ची मागं सरकवतात. मला सवय होती.

चैत्रातल्या एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, मी एकटीच पाणी बदलत होते. बदललेली बशी सवयीनं मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि ती थरथरली. एखादा दोरा नव्हे. या कडेपासून त्या कडेपर्यंत पेशींची सगळी साय एकदम, एकदाच, आणि मग निपचित. मी दुसरी बशी घेतली. नवीन पाणी पडलं, तीही. सात बशा होत्या, सातही. मी रजिस्टरमध्ये वेळ लिहिली आणि हात धुऊन बाहेर पायरीवर जाऊन बसले.

निकम सर म्हणाला, गार पाणी पडलं असेल. पाणी गार नव्हतं. बावीस वर्षं मी दुसरं काय करतेय?

चार दिवसांनी फोन आला. "ताई, म्या हौसाबाई. दहिवडीच्या फुडनं बोलतीया. तुमी आमच्या बोकडाचं काय केलंसा?"

मी म्हटलं, जखम चिघळली का?

"जखम न्हाई. झाडंना त्यो." मग तिनं सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी तिची लेक मंगल वैरण कापताना घोणस चावून आठ दिवस साताऱ्याच्या दवाखान्यात पडली होती. लेक उठली तर बोकड देईन, असं हौसाबाई देवाला बोलली होती. लेक उठली. करडू निवडून सोडलं, वाढवलं. यंदाच्या जत्रेत ते फेडायचं होतं, कारण मंगलला दिवस गेले होते आणि बाळंतपणाच्या आधी जुनं वचन मोकळं व्हायला हवं होतं. रविवारी सकाळी बोकड देवापुढं उभा केला, पाणी घातलं. उन्हं डोक्यावर आली, कलली. सुरी घेतलेला माणूस बसून बसून पेंगला. बोकडानं नुसतं समोर बघितलं.

"पाणी कितीला घातलं?" मी विचारलं.

"आकरा वाजलं आसतील."

पुढं तिनं काय विचारलं ते माझ्या कानात गेलं नाही.

वैशाखात ती एसटीनं सांगलीला आली. काटक बाई, साठीची, कपाळावर भंडारा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. मी तिला कोट आणि टोपी घातली आणि आत नेलं. मायक्रोस्कोपला डोळा लावून ती म्हणाली, "धुकं दिसतंय नुसतं. तुमी सांगा काय हाय ते."

"मांस आहे. तुमच्या बोकडाचं."

"जित्तं?"

"होय."

"खातंय?"

"खातंय."

"मोप झालं आसल?"

मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, आजवर झालं ते सगळं ठेवलं असतं तर बोकडाहून जास्त भरलं असतं. मग तिनं गारठ्याची टाकी बघितली. उरलेल्या पेशी आम्ही नळ्यांत घालून भयंकर गारठ्यात ठेवतो, झाकण उघडलं की पांढरा धूर जमिनीवर सांडतो. त्या तिथं खात नाहीत, वाढत नाहीत, पण बाहेर काढून ऊब दिली की उठतात. "ह्ये जित्तं का म्येल्यालं?" तिनं विचारलं. मी झाकण लावून टाकलं. तिनं निकम सरालाही तेच विचारलं, तो चहा आणायला गेला.

ती स्टुलावर बसली. आवाज चढवला नाही. "ताई, म्या द्येवाला आख्खा बोलली व्हती. तुमच्यापाशी त्येचं एवढं झालंय, मंग आमी द्येवाला काय देतोय? उरलंसुरलं? तुमी हितलं संपवा. तिकडं त्यो झाडल, बघा."

निकम सर वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला चहा दिला, दोन चांगले बोकड घेऊन देतो म्हणाला. "आवं सायब, द्येवाला बदली चालत न्हाई," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघितलं. मी काय केलं? मी निकम सराच्या बाजूला उभी राहिले. म्हटलं, हौसाबाई, ही कंपनीची वस्तू आहे, माझ्या हातात नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्या हातून ते मारवणार नव्हतं. बुरशी लागलेल्या बशीत ब्लीच ओतताना मी णमोकार मंत्र म्हणणारी बाई. हे तर धडधाकट, रोज माझ्या हातचं खाणारं.

ज्येष्ठात आबांचा फोन आला. आयुष्यात त्यांनी मला केलेला तो एकच. "बोकाड ग्येलं," म्हणाले. ना ताप, ना हगवण. सकाळी मेंढवाड्यात उभा होता, खाली बसला आणि गेला. त्यांनी ते कुणाला विकलं नाही, खाल्लं नाही, पुरलं. "आता द्येवाचं जे हाय, त्ये तुमच्यापाशीच हाय," एवढं बोलून फोन ठेवला.

आषाढात, पुन्हा एका रविवारी, मी एकटी असताना मायलेकी दोघी दारात उभ्या. मंगलला आठवा महिना. सांगलीत सोनोग्राफी करून आल्या होत्या. बाळाची वाढ खुंटलीय असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पंधरा दिवसांनी परत बोलावलं होतं. हौसाबाईनं तो कागद माझ्या हातात दिला. मी वाचला. डॉक्टरांची औषधं चालू ठेवा, सांगतील तेव्हा या, हे मी दहादा बजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हितं वाढतंय, आन् तितं खुटलंय. मला आडानीला येवढं कळतंय."

ती हात धुवायला आत गेली तेव्हा मंगल बाकावर बसली होती, पोटावर हात ठेवून. बारावी झालेली मुलगी. हळूच म्हणाली, "मावशी, माझा इस्वास न्हाई ह्या कशावर. पण आई जेवंना, झोपंना. तिला हो म्हणा, काय बी करा." आणि मग थोडं थांबून, "आता मलाबी भ्या वाटाय लागलंय."

माझी स्वतःची लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती तेव्हा मी किती उपास धरले होते ते मला आठवलं. कुणाच्या भीतीला अडाणी म्हणायचा अधिकार मला नव्हता. आणि ही भीती मीच तर त्या माळावरून उचलून आणली होती, जोंधळ्याएवढी.

मी कपाटातून एक बशी काढली. हौसाबाईनं कनवटीचा भंडारा सोडला, बाटलीतलं देवाच्या टाक्याचं पाणी झाकणात घेतलं. बशीचं झाकण मी उघडलं. बावीस वर्षांत उघड्या बशीवर मी कधी श्वास सोडला नव्हता, आणि आता त्यात हळद आणि पाणी पडताना बघत होते. बशी मायक्रोस्कोपखाली ठेवली. तिला दिसत नव्हतं, म्हणून डोळा माझा.

"झाडलं का?"

"नाही अजून."

थांबलो. कपाटाबाहेर पेशी गारठतात. माझा हात सारखा बशी परत उबेला ठेवायला जात होता, मी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला. खाली दोरे ओळीत पडलेले, स्वच्छ, शांत. एरवी इथं तिथं एखादा तरी हलतो. त्या दिवशी एकसुद्धा हलेना. आत फक्त कपाटाच्या पंख्याचा आवाज होता.

"झाडलं का ताई?"

"नाही."

तिनं पुन्हा पाणी घातलं. घड्याळात तास झाला. तिचा हात माझ्या खांद्यावर होता. बाहेर मंगल खोकली. तिसऱ्यांदा हौसाबाईनं विचारलं तेव्हा तिचा आवाज फुटला.

मी डोळा न काढता म्हटलं, "झाडलं."

"आख्खं?"

"शिंगापासून शेपटीपर्यंत."

ती मटकन खाली बसली आणि लॅबच्या फरशीला कपाळ लावलं. मग तोंड पुसून उठली आणि म्हणाली, "आता तुमी. ह्येचं कसं करायचं आमाला काय ठावं न्हाई. समदं संपवा, ठिवू नगासा." सुरी लागते का, असं तिनं विचारलं. मी नको म्हटलं आणि तिला लेकीजवळ बाहेर बसवलं.

त्या बशीसकट एकूण चाळीस बशा होत्या. टाकीत सहा नळ्या, त्या काढून टेबलावर ठेवून दिल्या, उबेत, खाण्यात न घालता तशाच ठेवल्या की वितळून मरतात. मग ब्लीचची बाटली घेतली. तासाभरात सगळं झालं. गुलाबी पाण्याचा रंग उडून साधं पाणी झालं. बाहेर आले तेव्हा मायलेकी शेंगदाणे खात होत्या. हौसाबाईनं माझ्या हातात मूठभर दिले. मी ते धरून उभी राहिले, हाताला ब्लीचचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी निकम सराला खरं ते सांगितलं. बुरशी लागली म्हणून सुटले असते, पण आदल्या दिवशीचं एक खोटं पुरे होतं. तो उठला आणि रिकामं कपाट उघडून बघून आला. मग विचारलं, "टाकीतल्या पण?" मी होय म्हटलं. "मावशी, तुम्ही डास मारत नाही," तो म्हणाला. त्यानं माझ्यावर कसलीही कारवाई केली नाही, ते त्याचं मोठेपण. पण ती लॅब वर्षभरात मिटली, त्या चार पोरांना पुण्याला जावं लागलं आणि त्यातल्या एकीनं अजून माझा फोन उचललेला नाही. ते माझ्यामुळं झालं. त्याचं वाईट वाटतं, रोज वाटतं.

मंगलला श्रावणात मुलगी झाली. पावणेदोन किलोची, पण रडली खणखणीत. पंधरवडा काचेच्या पेटीत होती, आता अंगणवाडीत जाते. हौसाबाई दरवर्षी जत्रेचा भंडारा कागदात बांधून पाठवते आणि फोनवर सांगते, "ताई, तुमच्या हातनं सुटलो बगा आमी." तुम्ही म्हणाल, चांगलंच झालं की. मीही तसंच म्हणते.

एकच गोष्ट मी तिला सांगितली नाही, निकम सरालाही नाही. ब्लीच ओतायच्या आधी मी पहिली, भंडारा पडलेली तीच बशी पुन्हा मायक्रोस्कोपखाली ठेवली होती. ज्याला मारायचं त्याच्याकडं निदान बघावं, असं काहीतरी मनात आलं असेल. ओतलं, आणि झाडलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकदाच, चैत्रात झालं होतं अगदी तसं. त्याचं कारण मला माहीत आहे, विष लागलं की मांस आखडतं, यात देवधर्म काही नाही. तरी मी उरलेल्या एकोणचाळीस एक एक करून खाली ठेवल्या आणि बघत बघत ओतलं. एकीनंही चुकवलं नाही. माणात त्याला होकार म्हणतात. मी तो चाळीस वेळा डोळा लावून बघितलाय. तो होकार नव्हता.